घर आमचं, फाइली रूटच्या नावावर: लिनक्स घडवणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार केलेल्या आवृत्त्या, बांधणाऱ्या, त्यावरचे डेस्कटॉप आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आणि लिनक्स शिकवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात संगणकांची देखभाल करतो. नोकरी दुसरीकडे आहे. इथे शनिवार-रविवार आणि जमेल तशी संध्याकाळ देतो. वाचनालयाला लागून अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, रेल्वे अशा परीक्षांची तयारी करणारी पन्नास-साठ मुलंमुली तिथे दिवसभर बसतात. त्यांच्यासाठी नऊ संगणक आहेत, कुणीतरी बदलून टाकलेले, चार जीबी मेमरीचे. त्यांच्यावर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली आहे म्हणून ते अजून चालतात. त्याबद्दल तुमचे उपकार आहेत आणि ते मी मनापासून मानतो.

पण हे पत्र तक्रारीचं आहे. होम फोल्डरमधल्या, म्हणजे संगणकावर प्रत्येकाचं जे स्वतःचं घर असतं त्यातल्या, लपलेल्या सेटिंगच्या फोल्डरांचा मालक किंवा परवानग्या चुकल्या की तुमची यंत्रणा माणसाला काय झालंय ते सांगत नाही, याबद्दलची तक्रार.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मुलीचं खातं मी रविवारी उघडलं. सोमवारी सकाळी ग्रंथपालबाईंनी तिला पासवर्डची चिठ्ठी दिली. त्याच दिवशी एका भरतीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत संपत होती. तिने पासवर्ड टाकला की पडदा काळा व्हायचा, पापणी लवते तेवढा वेळ, आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट समोर. चिठ्ठीवरचं एक अक्षर तिला इंग्रजी ‘एल’ वाटत होतं, शेजारच्या मुलाला आकडा एक. दोघांनी दोन्ही करून पाहिलं. आकड्याला ‘पासवर्ड चुकीचा’ असं उत्तर आलं. ‘एल’ला काहीच उत्तर आलं नाही, नुसता काळा पडदा आणि परत दारात. म्हणजे ‘एल’ बरोबर होता. पण हे तिने ओळखावं तरी कसं? तिच्या लेखी दोन्ही वेळा दार उघडलं नव्हतं. तिने दीड तास खटपट केली, मग उठून बाजारातल्या सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरला. कुणाला काही बोललीही नाही. आपल्यालाच जमलं नाही, असं तिला वाटलं.

संध्याकाळी मी पोचलो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून नुसत्या अक्षरांचा पडदा उघडला, माझ्या खात्याने आत गेलो आणि फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला तिच्या होम फोल्डरमधलं सगळं, लपलेल्या फाइलींसकट, सविस्तर दाखवायला सांगितलं. ज्यांनी ही यादी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल: पहिल्या रकान्यात परवानग्यांची अक्षरं, तिसऱ्यात मालक, चौथ्यात गट. तिसऱ्या रकान्यात तिचं नाव हवं होतं. तिथे वरपासून खालपर्यंत एकाखाली एक लिहिलेलं होतं: रूट, रूट, रूट. रूट म्हणजे संगणकाचं सर्वाधिकारी खातं. सेटिंगचं ‘डॉट कॉन्फिग’ रूटचं, तात्पुरत्या साठ्याचं ‘डॉट कॅश’ रूटचं, प्रोग्रॅमच्या डेटाचं ‘डॉट लोकल’ रूटचं. आणि लॉगिनच्या वेळी पडद्याची किल्ली जिच्यात लिहिली जाते ती ‘डॉट एक्स-अथॉरिटी’ फाइलही रूटची, परवानगी ६००, म्हणजे मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावता येणार नाही अशी. ती मुलगी स्वतःच्या घराच्या दारात उभी होती आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या नावावर होती.

चूक माझी होती. मराठी कीबोर्ड, मोठी अक्षरं, ब्राउझरचं मुखपृष्ठ असं सगळं एका खात्यात नीट बसवून मी ते अख्खं होम फोल्डर सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, नव्या खात्यात कॉपी केलं होतं. सुडोने कॉपी केलेली नवी फाइल रूटच्या नावावर पडते, आणि मालक बदलायचं मी विसरलो. असं काम करायची योग्य जागा प्रणालीच्या ‘ईटीसी’ फोल्डरमधलं ‘स्केल’ फोल्डर. तिथे ठेवलेल्या फाइली नवं खातं उघडताना आपोआप त्या घरात जातात आणि त्या माणसाच्या नावावर होतात. ते मी नंतर शिकलो. दुरुस्ती एका ओळीची होती, मालक बदलणारी ‘सीएचओन’ आज्ञा, आणि तिला एक मिनिटही लागलं नाही.

चूक कबूल करूनही माझा प्रश्न उरतोच. लॉगिनच्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमला त्या क्षणी सगळं माहीत होतं. पासवर्ड बरोबर आहे, अमुक फाइलीत लिहायला गेलो, लिहू दिलं नाही, फाइलीचा मालक शून्य क्रमांकाचा आहे. लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइलीत त्याचा माग सापडतोही. मग पडद्यावर एक ओळ का नाही?

आपल्याकडे जमिनीचा वाद झाला की आधी सातबारा काढतात. कसतो कोण, राहतो कोण ते नंतर, आधी कागदावर नाव कुणाचं ते बघू. लिनक्समधल्या प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला असा उतारा असतो. मालक कोण, गट कोणता, आणि मालक, गट, बाकी सगळे या तिघांना काय काय करता येईल. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि तिघांसाठी यांच्या बेरजेचा एकेक आकडा. ७०० म्हणजे मालकाला सगळं, इतरांना काही नाही. ६४४ म्हणजे मालक वाचेल-लिहील, बाकीचे नुसतं वाचतील. फोल्डरच्या बाबतीत शेवटच्या एकाचा अर्थ बदलतो, तो आत शिरण्याचा हक्क होतो. म्हणूनच कुणी होम फोल्डरला खालपर्यंत सरसकट ६४४ लावलं की फोल्डरांतून आत जाण्याचा हक्कच जातो, आणि सगळ्या फाइली जागच्या जागी असूनही माणूस त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

होम फोल्डरमध्ये हे बिनसलं तर ते नेमकं लपलेल्या भागात बिनसतं. ‘डॉट’ने सुरू होणारी नावं फाइल मॅनेजर दाखवत नाही. आपली छायाचित्रं, आपले अर्ज, आपली पीडीएफ सगळं दिसत असतं आणि ते ठीक असतं. बिघाड असतो न दिसणाऱ्या खोल्यांत. मग वॉलपेपर बदललेला राहत नाही, कीबोर्ड रोज पुन्हा निवडावा लागतो, एखादा प्रोग्रॅम उघडतो आणि लगेच मिटतो. ग्नोम या डेस्कटॉपच्या जगात सेटिंग लिहिणारा ‘डीकॉन्फ’ अशा वेळी ‘फाइल तयार करता येत नाही, परवानगी नाकारली, डीकॉन्फ नीट चालणार नाही’ असं स्वच्छ सांगतो. पण ते सांगतो टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप करायच्या खिडकीत. टर्मिनल उघडून प्रोग्रॅम सुरू करणारा माणूस आमच्या अभ्यासिकेत मी एकटाच.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांचा संदेश निदान पडद्यावर येतो, आणि फाइलीचं नाव सांगतो. अमुक कॉन्फिगरेशन फाइलीत लिहिता येत नाही, कृपया तुमच्या सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा, असा त्याचा अर्थ. मोठ्या कार्यालयात हे वाक्य शोभेल. जिने स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच लिनक्स टाकलंय तिने कुणाशी संपर्क साधायचा? ती स्वतःच ॲडमिनिस्ट्रेटर आहे, फक्त तिला कुणी तसं सांगितलेलं नाही. आणि मालक कोण आहे हे त्या संदेशात नाहीच. ‘ही फाइल रूटच्या नावावर आहे’ एवढे पाच शब्द असते तर तिला शोधायला धागा मिळाला असता.

नीट सांगणारे प्रोग्रॅमही तुमच्यातच आहेत. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठीचा ओपनएसएसएच बघा. खासगी किल्लीच्या फाइलीच्या परवानग्या सैल असतील तर तो मोठ्या अक्षरांत, चौकट करून इशारा देतो: ही फाइल उघडी आहे, हिच्या परवानग्या ०७७७ आहेत, या फार सैल आहेत, ही किल्ली मी वापरणार नाही. फाइल कोणती, बिघडलंय काय, मी काय करणार, तिन्ही गोष्टी एका दमात. फायरफॉक्स तर त्याच्याही आधी थांबवतो. दुसऱ्याच्या होम फोल्डरात त्याला रूट म्हणून सुरू करू पाहिलं तर तो घराचा मालक कोण ते तपासतो आणि साफ नकार देतो. घराचा मालक एक, चालवणारा दुसरा, हे ओळखायला दोन आकडे ताडून पाहायचे असतात. शिवाय सुडो स्वतः मूळ माणसाचं नाव आणि क्रमांक प्रोग्रॅमच्या हातात देतो. म्हणजे ज्याला हे ओळखायचंय त्याला ओळखता येतं.

बाकीचे प्रोग्रॅम सुडोने उघडले की मुकाट उघडतात, आणि जाताना सेटिंगच्या, इतिहासाच्या, कॅशच्या फाइली रूटच्या नावाने मागे सोडून जातात. हे सुडो ‘होम’ म्हणून कुणाचं घर धरतो यावर अवलंबून असतं. उबुंटू या डिस्ट्रोत कित्येक वर्षं सुडो लावलं तरी घर वापरणाऱ्याचंच राहायचं, त्यामुळे साधा टेक्स्ट एडिटर सुडोने उघडणंही महागात पडायचं. १९.१० या आवृत्तीपासून त्यांनी ते बदललं आणि घर रूटचं धरायला सुरुवात केली. एवढ्या एका बदलाने किती जणांचा त्रास वाचला असेल! त्याबद्दल त्यांचं कुणी कौतुक केलेलं मी वाचलं नाही, म्हणून इथे करतो.

आणि ही चूक फक्त आमच्यासारख्या शिकाऊ लोकांची आहे असं कृपा करून समजू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये जावास्क्रिप्टचे तयार घटक बसवणाऱ्या एनपीएमची ५.७.० ही आवृत्ती आली. ती सुडोने चालवली की ‘ईटीसी’, ‘यूएसआर’, ‘बूट’ अशा प्रणालीच्या मुळातल्या फोल्डरांचेच मालक बदलून जायचे. तातडीने ५.७.१ काढावी लागली. तोच एनपीएम आजही कॅशच्या फोल्डरात रूटच्या फाइली दिसल्या तर सांगतो: आमच्या जुन्या आवृत्त्यांतल्या दोषामुळे इथे रूटच्या फाइली राहिल्या आहेत, ही आज्ञा द्या म्हणजे कायमचं ठीक होईल. स्वतःचा दोष मान्य करून, फोल्डरचं नाव घेऊन, नेमकी आज्ञा हातात देणारा संदेश. मला हवंय ते हेच आहे. प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यांत चालवणाऱ्या डॉकरच्याही अधिकृत मार्गदर्शिकेत ‘डॉट डॉकर’ फोल्डर सुडोमुळे रूटच्या नावावर गेलं तर काय करायचं याचा वेगळा परिच्छेद आहे. जी गोष्ट मार्गदर्शिकेत लिहावी लागते ती वारंवार घडत असते. मग ती प्रोग्रॅमलाच बोलू द्या ना.

आता उलटी बाजू. मालक बरोबर आहे, पण परवानग्या सैल आहेत. हा बिघाड कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. आमच्याकडे एका संगणकावर सहा-सात जणांची खाती आहेत. सुरुवातीला ती सगळी ७५५ परवानगीची होती, म्हणजे कुणीही कुणाच्याही घरात शिरून वाचू शकेल अशी. एका मुलाने सहज वर जाऊन सगळ्यांची घरं असलेलं ‘होम’ उघडलं, तर त्याला दुसऱ्याच्या फोल्डरात जातीच्या दाखल्याची, आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत दिसली. मुलगा चांगला होता, त्याने मला येऊन सांगितलं. त्या रात्री मी नऊही संगणकांवर फिरून सगळी घरं ७०० केली.

उबुंटूने २१.०४ पासून नवी घरं ७५० परवानगीने द्यायला सुरुवात केली, तोवर ती ७५५ असायची. फेडोरा या डिस्ट्रोत ती पूर्वीपासून ७०० असतात. पण जुनं घर तसंच ठेवून नवी आवृत्ती चढवणाऱ्याचं घर उघडंच राहतं, आणि त्याला कुणी विचारतही नाही की बाबा, दार लावून घेऊ का? डेस्कटॉपांसाठी समान नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपचा जो संकेत ‘डॉट कॉन्फिग’, ‘डॉट कॅश’ यांच्या जागा ठरवतो, त्यात स्पष्ट म्हटलंय की फोल्डर नसेल तर ते ०७०० परवानगीने तयार करायचा प्रयत्न करावा, आणि आधीपासून असेल तर त्याच्या परवानग्यांना हात लावू नये. तरीही नेहमीच्या युमास्कवर, म्हणजे नव्या फाइलीच्या कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या ते सांगणाऱ्या ०२२ या आकड्यावर, भरवसा ठेवून ७५५चं फोल्डर आणि ६४४ची फाइल तयार करणारे प्रोग्रॅम सापडतात, आणि त्या फाइलीत कधीकधी टोकन किंवा पासवर्ड असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: गुपित लिहायची फाइल जन्मालाच ६०० घाला. आधी उघडी तयार करून मग परवानग्या बदलणारा सीएचमॉड लावला तर मधला क्षणभर ती सगळ्यांची असते.

शिकवणाऱ्यांशी थोडं वेगळं बोलायचंय, कारण मीही त्यांच्याकडूनच शिकलो. व्हिडिओ बघून, लोकांनी लिहिलेली उत्तरं वाचून. मराठीत शिकवणारेही आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे आमची मुलं धीराने टर्मिनल उघडतात. पण ‘परवानगी नाकारली’ असं आलं की तुमच्यापैकी बरेच जण दोनच औषधं देतात: पुढे सुडो लावा, नाहीतर खालपर्यंत सीएचमॉड ७७७ करा. ७७७ने त्या वेळेपुरतं काम होतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, सुटलं. प्रत्यक्षात त्याने घराच्या सगळ्या भिंती पाडलेल्या असतात. खासगी किल्ल्या उघड्या पडतात, आणि एसएसएच त्या घ्यायला नकार देतो. ‘डॉट पीजीपास’सारखी पासवर्डची फाइल सैल झाली म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्रोग्रॅम ती वाचेनासा होतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस कुणालाही लिहिता येणारी कॉन्फिग फाइल बाजूला टाकतो. प्रत्येक साधी मजकुराची फाइल चालवण्याजोगी होते. आणि आधी कुणाच्या परवानग्या काय होत्या याची नोंद कुठेच राहत नाही, त्यामुळे मागे फिरायची वाटही बंद.

मालक चुकला असेल तर ७७७ हा इलाज नाहीच, कारण दुखणं दुसरीकडे आहे. आधी मालक बघायला शिकवा. ‘एलएस’च्या यादीतला तिसरा रकाना वाचायला शिकवा. घरात आपल्या नावावर नसलेलं काय काय आहे ते ‘फाइंड’ने शोधायला शिकवा. परवानग्या खालपर्यंत लावायच्याच असतील तर कॅपिटल एक्स शिकवा, तो चालवण्याचा हक्क फोल्डरांना देतो आणि साध्या फाइलींना देत नाही. प्रणालीची एखादी फाइल बदलायची असेल तर अख्खा एडिटर रूटने उघडण्याऐवजी ‘सुडोएडिट’ शिकवा. तो फाइलीची तात्पुरती प्रत तुमच्या नावाने उघडतो आणि बदल झाला की जागेवर ठेवतो, घरात रूटचा काही पसारा पडत नाही.

आणि एक गोष्ट आवर्जून शिकवा, कारण मला ती कळायला फार उशीर झाला. फाइल काढून टाकण्याचा किंवा तिचं नाव बदलण्याचा हक्क त्या फाइलीवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावरून ठरतो. ‘डॉट एक्स-अथॉरिटी’ रूटची असली तरी होम फोल्डर माझं आहे, म्हणून ती मी सुडोशिवाय पुसू शकतो. आत सामान असलेलं रूटचं फोल्डर मला पुसता येत नाही, पण जागच्या जागी त्याचं नाव बदलता येतं. ‘डॉट कॉन्फिग’मधल्या बिघडलेल्या फोल्डराचं नाव बदलून बाजूला सारा, प्रोग्रॅम नवीन फोल्डर तुमच्या नावाने तयार करतो. रूटचा पासवर्ड नसलेल्या मुलालाही हे करता येतं. त्या सोमवारी एवढं कुणाला माहीत असतं तर नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून त्या मुलीलाच ‘डॉट एक्स-अथॉरिटी’ हटवून दारातून आत जाता आलं असतं, आणि राहिलेलं मी संध्याकाळी केलं असतं.

सीएचओन शिकवतानाही जपून. पहिल्या प्रसंगानंतर मला त्याचा आत्मविश्वास आला होता. एका मुलाच्या घरात उभा राहून, इंटरनेटवरचं एक उत्तर बघून, लपलेल्या सगळ्या फाइलींसाठी मी ‘.*’ असं लिहिलं आणि सुडोने खालपर्यंत मालक बदलला. टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या बॅशच्या जुन्या आवृत्तीत ‘.*’ मध्ये ‘..’ ही येतं, आणि ‘..’ म्हणजे वरचं फोल्डर. आज्ञा वर चढली, ‘होम’मध्ये गेली, आणि त्या संगणकावरच्या सातही जणांची घरं एकाच मुलाच्या नावावर झाली. दुसऱ्या दिवशी सहा जण दाराबाहेर. २०२२ साली आलेल्या बॅश ५.२ पासून ‘.*’ मधून ‘.’ आणि ‘..’ वगळले जातात. हाही एक चांगला बदल, पण तालुक्याच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर नवा बॅश कधी पोचणार?

अशा चुका निष्काळजीपणाशिवायही होतात, हे डिस्ट्रोवाल्यांनी लक्षात घ्यावं. डिस्कवर माणसाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक असतो. पहिलं खातं बहुधा १०००, मग १००१, १००२. संगणक नव्याने बसवताना खाती वेगळ्या क्रमाने उघडली गेली की जुनी घरं सरळ दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. कुणी आपला डेटा फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हवर ठेवून परत आणला तर परवानग्या वाटेतच गळतात, कारण फॅटमध्ये त्या साठवायची सोयच नाही. दोन्ही गोष्टी सरळमार्गी माणसं रोज करतात.

माझं मागणं एवढंच आहे की लॉगिनच्या वेळी होम फोल्डर, ‘डॉट कॉन्फिग’, ‘डॉट कॅश’, ‘डॉट लोकल’, ‘डॉट एक्स-अथॉरिटी’ अशा मोजक्या जागांचा मालक तपासावा. अख्खं घर धुंडाळायला नको. या दहा-बारा जागा बघायला जुन्या संगणकालाही क्षणभर पुरतो. मालक वेगळा दिसला तर पडद्यावर सांगावं, आणि दुरुस्त करू का ते विचारावं. सेशन सुरू होऊन दोन सेकंदांत कोसळलं तर लॉगिनच्या चौकटीने निदान एवढं म्हणावं की पासवर्ड बरोबर होता.

यावर काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे. काही ठिकाणी सेटिंगच्या फाइली मुद्दाम रूटच्या ठेवतात, मुलांनी बदलू नयेत म्हणून. बरोबर. म्हणून आपोआप बदलू नका, विचारा, आणि ज्या संस्थेला विचारणं नको असेल तिला ते बंद करता येऊ द्या. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वापरणाऱ्याच्या ताब्यातल्या फोल्डरात रूटने खालपर्यंत मालक बदलत जाणं धोक्याचं आहे, कुणी तिथे भलतीकडे नेणारा दुवा पेरून ठेवला तर रूटकडून नको ती फाइल बदलली जाईल. हेही खरं. पण नाव बदलून बाजूला सारण्याला रूट लागतच नाही, ते वापरणाऱ्याच्याच हक्कात होतं. आणि मालकाचा क्रमांक जुळला नाही तर लॉगिनच्या वेळी घर जुळवून घेण्याचं काम लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा सिस्टमडी-होम्ड हा भाग करतो, तो २०२० साली सिस्टमडी २४५ बरोबर आला. म्हणजे तुमच्यातल्याच कुणीतरी हा विचार केलाय आणि करून दाखवलाय. तो आमच्या नऊ संगणकांपर्यंत अजून आलेला नाही.

संदेश कसा असावा हेही मी लिहून पाठवतो, म्हणजे कुणी विचारायला नको. ‘तुमचा पासवर्ड बरोबर आहे. पण तुमच्या घरातलं डॉट कॉन्फिग हे फोल्डर रूटच्या नावावर आहे, तुमच्या नावावर नाही. त्यामुळे तुमच्या सेटिंग उघडता येत नाहीत. हे बहुतेक वेळा कुणीतरी सुडो वापरून फाइली कॉपी केल्यामुळे होतं. तुमची यात काही चूक नाही. जुनं फोल्डर बाजूला ठेवून नवीन तयार करू का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. यातलं ‘तुमची यात काही चूक नाही’ हे वाक्य लांबी कमी करायची म्हणून कापू नका. त्या मुलीने मला नंतर एकदाच विचारलं होतं, सर, मी तेव्हा पासवर्ड चुकीचा टाकला होता का?

हा मजकूर मराठीत आणायचं काम माझ्याकडे द्या. ज्या डेस्कटॉपमध्ये तुम्ही तो घालाल त्याच्या भाषांतराच्या फाइलीत मी तो भरून देईन, आणि आमच्या नऊ संगणकांवर मुद्दाम मालक बिघडवून तो दर रविवारी तपासून बघेन. त्या दिवशी अभ्यासिका दुपारी दोनला बंद होते, त्यानंतर सगळे संगणक मोकळे असतात.

आपला,
वाचनालयातल्या संगणकांची देखभाल करणारा एक स्वयंसेवक